आठ महिने राहिलेला कोट

आमच्या लॉन्ड्रीच्या पावतीमागे सहा नियम छापलेत. ते माझ्या धाकट्या दिराने केले. भावजी वकिलीच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसून दोनदा आपटले, तेव्हापासून घरातली भांडणंसुद्धा कलमवार सोडवतात. चौथा नियम : तीन महिन्यांत न नेलेला कपडा दुकानाचा.

त्या सकाळी एक मुलगी आठ महिन्यांपूर्वीची पावती घेऊन आली. राखाडी कोट, एक नग.

"बाबा दवाखान्यात होते हो, काकू. आज घरी सोडतायत. म्हणतात, बाहेर पडेन तर कोट घालून, शाल गुंडाळून नाही."

मी आतल्या दाराकडे पाहिलं. कारण तो कोट घालून माझा नवरा आत गठ्ठे बांधत होता.

भावजींनी पावती उलटून तिच्यापुढे धरली. "चार नंबर वाचा."

तिने वाचलं. भांडली नाही. "म्हणजे विकला?"

"विकू, वापरू, काहीही. कायद्याने आमचा."

तेवढ्यात हे बाहेर आले. मुलीने कोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाज वाटायला हवी होती आम्हाला, ती वाटली तिला.

हे बटणं काढू लागले.

"दादा, थांब! आज एक दिलास की उद्या रांग लागेल. नियम बरोबर आहे."

"आहे की. पण कोट त्यांचा आहे."

"दोन्ही कसं खरं असेल?"

"तू शिकलास, तू सांग."

भावजी हटेनात. "आणि बाह्या? वहिनींनी तुझ्या मापाच्या केल्यात. आखूड कोट देणार त्यांना?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी कोट काउंटरवर उलटा केला. बाह्यांच्या आत चार बोटं कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी धरलेलं होतं.

"कापलं नाहीत?" भावजी म्हणाले. "पाच महिने आपलाच होता की!"

"कात्री घेतली होती हातात. चालवली नाही."

"का पण?"

मी पहिल्या टाक्याखाली सुई घातली. "ते मला विचारू नका, भावजी. उसवू द्या आधी."

उसवलं, वाफ दिली. दुमडीची रेघ राहिलीच. मुलीने बाही उजेडात धरली. "बाबांच्या लक्षात येईल."

"येऊ दे. सांग, दुकानातल्या बाईने नवऱ्याला घालायला दिला होता, चुकलं म्हणाली."

ती हसली. मी घडी घालू लागले, तर भावजींनी कोट माझ्या हातातून घेतला.

"घडी कशाला? हँगरवरच न्या," ते तिला म्हणाले. "लगेच घालायचाय ना त्यांना."