खुणेचं पिल्लू

पिल्लं चारची दोन झाली होती. म्हादूनं कणगीमागं पुन्हा बॅटरी मारली, गोणपाट उचकटलं, कोपऱ्यात हात घालून चाचपलं. मनी, त्यांची करडी मांजर, फिस्कारली तरी त्यानं हात काढला नाही. दोनच.

"नेली," तो म्हणाला.

कुणी नेली, हे चुलीपाशी बसलेल्या सोजराबाईनं विचारलं नाही. बारा वर्षांत या घरातून जे जे हरवलं ते चाळीस पावलांवरच्या एकाच घरी गेलं, असं तिच्या नवऱ्याचं ठाम मत होतं. विळा पुढं गंजीत सापडला आणि कोंबडी मुंगसानं नेल्याचं पिसांवरून दिसलं. पण मत बदलायला एवढी कारणं म्हादूला पुरत नसत.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात ही सात घरांची धनगरवस्ती. म्हादूनं जन्मभर मेंढरं राखली आणि चांगली राखली. झुडूप हललं की वारा की लांडगा, हे त्याला लांबून कळायचं. संशय घेणं हाच ज्याचा धंदा, त्याला तो घरी आल्यावर वहाणांसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. बारा वर्षांपूर्वी त्याच्या तांबड्या खुणेचा एक मेंढा धाकट्या भावाच्या, ज्ञानूच्या कळपात निघाला. म्हादूनं भैरवनाथाच्या देवळापुढं, चारचौघांत, सख्ख्या भावाला चोर म्हटलं. ज्ञानू खाली मान घालून निघून गेला. त्या दिवसापासून ज्ञानूचा उंबरा म्हादूनं स्वतःला बंद केला, आणि सोजराबाईलाही.

ज्ञानूची बायको ठकुबाई ही सोजराबाईची पाठची बहीण. दोघी बहिणी एकाच मांडवात या दोघा भावांच्या घरात आल्या होत्या. आता त्या पाणवठ्यावर, हंडा भरेपर्यंत काय ते बोलायच्या. दोन वर्षांपूर्वी ज्ञानू वारला, तेव्हाही म्हादू लोकलाजेनं मातीला गेला आणि लांब उभा राहून परत आला.

आणि आता ठकुबाई वस्ती सोडून चालली होती. तिचा मुलगा स्वरूप कापूरहोळला गॅरेजात कामाला होता. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार, आईला नेणार, घराला कुलूप लागणार. एकदा जाऊन तिच्यापाशी बसून येते, एवढंच सोजराबाई सोमवारपासून मागत होती. आज शुक्रवार उजाडला होता.

"आता तर मुळीच न्हाई," म्हादू म्हणाला. "जाता जाता पिल्लं बी न्यायला लागली."

"मांजरी पिल्लांना सात घरं दावती. शेंबडं पोर बी सांगंल."

"मग दोनच कशापायी दावली? चारी का न्हाईत?"

सोजराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुपारी जनावरांच्या दवाखान्यातली अश्विनी शेळ्यांना लस टोचायला आली. बोलकी पोरगी, सोजराबाईनं तिच्या कानावर मांजरीचं घातलं. अश्विनी हसली. म्हणाली, काकू, गाई-शेळ्या माणसानं धरून आणून पाळल्या, मांजराचं तसं नाही. माणूस धान्य साठवायला लागला, धान्याला उंदीर आले, आणि उंदरांमागं मांजर आपलं आपण आलं. सोयीचं वाटलं म्हणून राहिलं. त्याला हजारो वर्षं झाली, पण रानातली सवय गेली नाही. पिल्लांची जागा कुणाला सापडली असं वाटलं की मांजरी एकेकाला मानगुटीला धरून दुसरीकडं हलवते. मध्ये काही आडवं आलं तर राहिलेली दुसऱ्या दिवशी.

"काका, तुम्ही दिवसातून कितीदा बघता?" तिनं विचारलं.

म्हादू दिवसातून सात-आठदा बघत होता. पण पोरीनं आधी चहा कुठल्या घरी घेतला हे त्यानं पाहून ठेवलं होतं. ठकुबाईच्या. म्हणजे शिकवून पाठवलेली.

ती गेल्यावर त्यानं माळ्यावरून रंगाचा डबा काढला. मेंढरं विकून चार वर्षं झाली होती, तरी तळाला तांबडा रंग शिल्लक होता. काडीनं घोटून मऊ केला आणि एका पिल्लाला मानेमागं, मेंढराला करतात तशी, ठसठशीत खूण केली. दुसऱ्याला करणार, तेवढ्यात मनीनं त्याचं मनगट ओरबाडलं. म्हादूला त्याचं काही वाटलं नाही. एक पुरे होतं. चोराच्या घरी आपल्या खुणेचं पिल्लू निघालं की झालं.

शनिवारी सकाळी कणगीमागं एकच पिल्लू होतं. खुणेचं. मनीचाही पत्ता नव्हता.

"बगितलंस?" म्हादूचा चेहरा उजळला होता. "खूण वळखली आन् तेवढं ठिवलं. मांजरीला खुणंचं काय कळतंय? ह्ये माणसाचंच काम."

पिल्लू मिटल्या डोळ्यांनी मान हलवत रडत होतं. सोजराबाईनं कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून पाहिलं, ते नाकावाटे बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत काही हे जगत नाही, असं ती म्हणाली. म्हादूनं पिल्लू उपरण्यात गुंडाळलं आणि पुरावा हातात धरून तो निघाला. सोजराबाई मागून निघाली. तू कुठं, असं त्यानं विचारलं. ती थांबली नाही.

ठकुबाई भांडी बोचक्यात बांधत होती. उंबऱ्यात दिराला पाहून तिनं पदर सारखा केला.

"या, दाजी."

म्हादू बोलायला तोंड उघडणार, तो त्याला कोपऱ्यातली वेताची पाटी दिसली. पाटीत जुन्या पटक्याची घडी, तिच्यावर मनी आडवी पडलेली, आणि तिला लुचणारी तीन पिल्लं.

"कुणी आणली?"

"तिनंच की. काल पहाटं दोन, आज पहाटं एक. तवाधरनं सारकी दाराकडं बगतीया."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू?" ठकुबाईचा आवाज चढला नाही. "त्यो मेंढा बी असाच आला हुता, दाजी. आपल्या पायानं. आमचं मालक तुमाला सांगाया निघालं हुतं. तवर तुमी देवळाफुडं बोलून बसला हुता."

एवढं साधं होतं, आणि ते ऐकायला म्हादूनं बारा वर्षं लावली होती. ज्याच्यापुढं चुकलो म्हणायचं, त्याची राखही ओढ्यानं नेली होती.

त्यानं खाली बसून पिल्लू पाटीत सोडलं. मनी झटकन उठली, पिल्लाला हुंगलं, मानगुट धरायला वाकली. नेमका तिथंच रंग होता. तिनं तोंड फिरवलं. पुन्हा हुंगलं आणि फिस्कारली.

सोजराबाईनं कुणाची परवानगी मागितली नाही. ती बहिणीला खेटून बसली, पिल्लू मांडीवर घेतलं. ठकुबाईनं बांधलेलं बोचकं सोडून खोबरेलाची बाटली काढली, कोमट पाणी आणलं. दोघींनी चार हातांनी ते इवलंसं मानगुट पुसून काढलं. रंग बराचसा निघाला. वास काही जाईना.

वासाचं काय करायचं, हे म्हादूला ठाऊक होतं. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर आधी तिच्या पिल्लाचा वास त्याच्या अंगाला चढवायचा. हे त्यानं जन्मभर केलं होतं.

"ठकुबाई," तो म्हणाला, "त्यो पटका जरा घिऊ का?"

"घ्या की. त्यांचाच हाय."

मनीखालून पटक्याचं एक टोक त्यानं ओढून घेतलं आणि पिल्लाला डोक्यापासून शेपटापर्यंत चोळायला लागला. कापडाला दुधाचा वास होता, मांजरीचा होता, आणि त्याखाली लोकरीचा, तंबाखूचा, ज्ञानूचा. तो चोळत राहिला. बास झालं, असं सोजराबाई हलकेच म्हणाली, तेव्हा कुठं त्यानं पिल्लू खाली ठेवलं.

मनीनं ते हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग त्याला पायानं पोटाशी ओढलं आणि खसाखसा चाटायला लागली.

दोघी बहिणी चुलीपाशी गेल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला, मग दोघींचं दबक्या आवाजातलं बोलणं. म्हादू पाटीपाशी तसाच बसून होता. पटक्याचं टोक त्याच्या मुठीत होतं आणि उरलेल्या पटक्यावर मांजरी पिल्लं घेऊन झोपली होती, म्हणून त्याला ते सोडून उठवत नव्हतं.