अख्ख्या कात्रीवरचा कर

परदेशी कात्र्यांवर जबर कर बसला, तेव्हा कारखान्यातल्या आठही धारवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. करासाठीच्या मोर्चात सगळ्यात पुढे होते दादा.

"आता नोकरीची चिंता मिटली," ते बायकोला म्हणाले.

"आधी ताटात तर पडू दे," ती म्हणाली.

गोष्ट इथेच गोड संपली असती. पण महिनाभरात खोकी आली. आत परदेशी पाती होती, धार लावलेली, सुटी सुटी. कर अख्ख्या कात्रीवर होता, सुट्या पात्यांवर नव्हता. मालकांनी ती फट बरोबर हेरली होती.

"दादा, दोन पाती जोडून स्क्रू बसवायला किती वेळ लागेल हो?" मालकांनी विचारलं.

तीस वर्षांत दादांच्या हाताला कुणी हळू म्हटलं नव्हतं. त्यात बाकीचे सातही जण बघत होते. त्यांनी पाती जुळवली, स्क्रू पिळला आणि हवेतच कचकच कापून दाखवलं.

"हे बघा, चुटकीसरशी!"

"वा! मग एकच माणूस पुरे की," मालक म्हणाले.

बायकोचा भाऊ शेजारच्याच सहाणेवर धार लावायचा. तो हात पुसत म्हणाला, "दाजी, जरा अडखळला असतात तर?"

दादांनी पुढची दोन पाती उचलली आणि मुद्दाम सावकाश जोडली. मालक केव्हाच आत निघून गेले होते.