दोरीवरचे तीन कागद

आमच्या हेडमास्तरांनी फर्मान काढलं: निबंध तीनदा लिहून घ्यायचा, दर खेपेला शेरा आणि गुण द्यायचे. एक्केचाळीस पोरं, प्रत्येकाचे तीन कागद! मी शिक्षकांच्या खोलीत खूप आदळआपट केली, पण करावं लागलंच.

नायदा वांका माझ्या वर्गातली. तिनं आपल्या सबीनाआजीवर लिहिलं होतं. रात्रभर हिवात गोठलेले बटाटे, त्यातलं पाणी काढून वर्षभरासाठी वाळवायला, आजी पहाटे अनवाणी कशी तुडवते, त्यावर. पहिल्या कागदावर मी लाल शाईनं खरडलं, 'जीव नाही. पुन्हा लिही.' वीसपैकी नऊ. अकराच्या खाली नापास, आणि नापासांना शाळेच्या वर्धापनदिनाच्या नाचात घ्यायचं नाही, हा नियम माझाच. आजीनं नाचासाठी घागरा शिवला होता. दुसरा कागद यायच्या आधीच नाच होऊन गेला, घागऱ्याची घडी मोडलीच नाही.

दुसऱ्या कागदावर 'आता जमतंय', तेरा. तिसऱ्यावर अठरा. पालकसभेत मी तिन्ही कागद दोरीवर टांगले, तिसरा मोठ्यानं वाचला. म्हटलं, बघा, घासून घासून पोरगी कुठं पोचली. स्वतःचीच पाठ थोपटत होते, दुसरं काय.

आजीला वाचता येत नाही. नायदाचा बाप विल्बेर तिला पहिला कागद वाचून दाखवायला लागला, मग दुसरा. मध्येच थांबला. टोपी काढून हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे तिन्ही एकच आहेत हो."

नीट बघा, म्हणून मी त्याला फटकारलं. मग स्वतः बघितलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. फक्त अक्षर दर खेपेला सुबक, समास पट्टीनं आखलेला. तपासताना मी वाचलंच नव्हतं, नुसतं अक्षर बघून गुण दिले होते. तरी खेकसले पोरीवरच, काही बदललं का नाहीस म्हणून.

"तुम्हीच लिहिलं होतंत ना, पुन्हा लिही," नायदा म्हणाली. "म्हणून लिहिलं."

आजी माझ्याकडे बघत होती. "मग हिचा नाच कशापायी हुकला, बाई?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सगळं गाव समोर बसलेलं.

माझा उतरलेला चेहरा बघून नायदा घाबरली. तिन्ही कागद दोरीवरून काढून तिनं छातीशी धरले.

"बाई, अजून एकदा लिहून आणू का?"