पहिल्या पानावरचा कंपाउंडर

मित्रांनो, पनवेलच्या एका लहानशा वाचनालयात, खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात माझं बिऱ्हाड आहे. मी एक कादंबरी आहे आणि खरं सांगायचं तर फार वैतागलेली कादंबरी आहे.

माझं नाव ‘ओहोटीचा साक्षीदार’. यामिनी करडे नावाच्या गुप्तहेर बाईंच्या मालिकेतली मी पाचवी. यामिनीबाईंना मेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात आणि त्यावरून त्या खुनी शोधतात. माझ्यात एका दीपगृहाच्या रखवालदाराचा खून होतो. खुनी शेवटच्या प्रकरणात सापडतो. पण अगदी शेवटच्या ओळीत दारावर थाप पडते आणि मी संपते. दाराबाहेर कोण, ते सहाव्या भागात.

छापखान्यातून मी इथे आले तेव्हा माझा केवढा थाट होता! ग्रंथपाल रंजिता यांनी मला प्लास्टिकचं वेष्टन घातलं आणि मलपृष्ठाच्या आत एक कोरा कागद चिकटवला. वाचकांनी त्यावर आपलं मत लिहायचं. त्या कागदाचा मला आधी केवढा अभिमान वाटला होता!

पहिलं मत खारघरच्या ऋचाचं होतं. ती कॉलेजात शिकते. तिने लिहिलं, “चौथ्या भागात यामिनीला उजव्या कानाने मृतांचं ऐकू यायचं. इथे डाव्या कानाने. लेखिका स्वतःचीच पुस्तकं वाचत नाही का?” चूक खरीच होती. पण माझी अक्षरं मला थोडीच बदलता येतात? दुसऱ्याने लिहिलं, “भुतं फार, तपास कमी.” त्याच्या खाली तिसऱ्याने, “तपास फार, भुतं कमी.” आता मी कोणाचं ऐकायचं?

तरी हे सगळं मी सोसलं. मतं मागच्या कागदावर होती, वाचून झाल्यावर वाचायची. खरा घाव हरेशने घातला.

हरेश उरणकडचा. न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. ट्रेलरची रांग तासन्‌तास हलत नाही, म्हणून तो पुस्तकं नेतो. एका दुपारी त्या रांगेत, उकाड्याने घामाघूम होऊन, तो माझ्या एकशे नव्वदाव्या पानापर्यंत आला. तिथे यामिनीबाई तिसऱ्यांदा त्याच आत्म्याला तोच प्रश्न विचारतात. हरेशने मला धाडकन मिटलं. खिशातलं पेन काढलं आणि माझ्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘खुनी कंपाउंडर हाय. टाइम फुकट घालवू नका.’

मित्रांनो, त्यानंतर मला कोणी घरी नेईना. वाचक कपाटातून काढत, पहिलं पान उघडत, “छ्या!” म्हणत आणि परत ठेवत. सहा महिने मी धूळ खात बसले.

मग एलिशेबाबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, पनवेलच्याच. त्यांची आणि त्यांचे पती मोशे यांची एक सवय होती. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी दुपारी, बाई मोठ्याने वाचायच्या आणि मोशे खुनी ओळखायचे. चारही भागांत त्यांनी चुकीचाच माणूस पकडला होता! माझी वाट बघता बघता मोशे गेले. दीड वर्षाने बाईंनी मला हातात घेण्याचं बळ गोळा केलं आणि तिथेच, कपाटाशी उभ्या राहून, पहिलं पान उघडलं.

त्यांचा चेहरा उतरला. “रंजिता, हा शहाणपणा कोणी केला?”

“माहीत नाही हो बाई. माझं लक्षच गेलं नाही.”

बाईंनी तरीही मला नेलं. पण वाचताना त्यांचं मन लागेना. कंपाउंडर नुसता औषधाची बाटली घेऊन आला, तरी त्या पुस्तक मिटून सुस्कारा टाकत. चार शनिवार असे गेले. चौथ्या शनिवारी, दोनशे दहाव्या पानावर, बिचारा कंपाउंडरच मेलेला सापडला! बाई ताडकन उठून बसल्या आणि त्याच रात्री त्यांनी मला शेवटपर्यंत वाचून काढलं.

दुसऱ्या दिवशी मला परत करायला त्या आल्या, तेव्हा टेबलापाशी हरेश उभा होता. सहावा भाग नुकताच आला होता आणि त्याने त्यावर आपलं नाव नोंदवलंही होतं. तो रंजिताताईंना सांगत होता, “पाचवा झाला ना वाचून. कंपाउंडरच हाय त्यो.”

“म्हणजे ते तुम्ही लिहिलंत?” बाई म्हणाल्या. “शेवट वाचलात?”

हरेश गडबडला. “शेवट... नाय. पन कळतंच की.”

“बसा इथे. शेवटची पन्नास पानं वाचा. मी थांबते.”

वर्गात ओरडा खाल्लेल्या मुलासारखा हरेश बसला. वाचता वाचता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आयला, त्यो तर मेला!” तो पुटपुटला. शेवटचं पान वाचून त्याने मान खाली घातली. “चुकलं बाई. ब्लेडनं खरवडून टाकतो.”

“नको, पान फाटेल. आणि खरवडून काय होणार? पुस्तक पहिल्यांदा एकदाच वाचता येतं. यांच्या माघारी या वेळी खुनी मी ओळखणार होते. पण तुमच्या त्या ओळीमुळे मी नुसती कंपाउंडरवरच नजर ठेवून बसले, ते राहून गेलं.”

हरेशने हातातला सहावा भाग बाईंपुढे ठेवला. “आदी तुमी न्या. तुमचं होईपर्यंत मी हात लावनार नाय. कोन सांगायला लागला तर कानात बोटं घालीन.”

बाई हसल्या नाहीत, पण पुस्तक त्यांनी घेतलं. पाच आठवड्यांनी त्या वाचनालयात आल्या आणि हरेशच्या हातात ते देताना एवढंच म्हणाल्या, “माझा अंदाज साफ चुकला. यांच्यासारखाच.” त्यांचे डोळे भरून आले होते, चेहरा मात्र खुलला होता.

मी? मी अजून कपाटातच आहे. कालच एक जण दुसऱ्याला म्हणाला, “पाचवा सोड, थेट सहावा घे.” इतका राग आला मला!

म्हणून सांगते, मित्रांनो. मला खुशाल नावं ठेवा. कंटाळवाणी म्हणा, माझ्या भुतांना हसा. पण आधी मला पूर्ण वाचा, मग बोला. आणि जे बोलाल ते मागच्या कागदावर लिहा. तुमच्यानंतर मला उघडणाऱ्या माणसाने कोणाच्या आठवणीसाठी मला हातात घेतलंय, हे तुम्हाला ठाऊक नसतं.