माशाचा डोळा

मी बोलतोय खरा, पण माझं काम ऐकण्याचं. तपासणीच्या यंत्राला वायरने जोडलेला, मुठीत मावणारा मी एक प्रोब. लोक मला सोनोग्राफीतला समजतात. घराणं तेच, फक्त मी कातडीवर आधी प्रकाश टाकतो. आत काही काळं असलं, की ते प्रकाश पितं, किंचित तापतं आणि बारीकसा आवाज करतं. तो आवाज पडद्यावर चित्र होऊन उमटतो. तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर बरेचदा काळाच असतो, आणि पसरताना काळेपणाही सोबत नेतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं भारी कौतुक झालं. इथे आल्यापासून कुणी माझ्याकडे प्रेमानं पाहिलेलं नाही. थंडगार जेल लावून फिरवतात, पुसतात, खुंटीला अडकवतात.

काल एक गवंडी आला. सोबत बायको, टॅटू काढणारी. लग्न झाल्यावर तिनं त्याच्या पोटरीवर निळा मासा काढला होता. तिथे एक तीळ होता, त्याचाच तिनं माशाचा डोळा केला. पुढे डोळा मोठा व्हायला लागला. "मासा वयात आला," म्हणत दोघं हसायची. त्या हसण्यात वर्ष गेलं. शेवटी डोळा कापून काढावा लागला. आता माशाच्या तोंडाशी टाक्यांचे वण आहेत.

पायातला कॅन्सर पसरला तर आधी जांघेतल्या लसिकागाठींत येतो, म्हणून मला गवंड्याच्या जांघेत टेकवलं. आतल्या गाठीतून आवाज आला.

"काहीतरी काळं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण टॅटूची शाईसुद्धा कधीकधी गाठीत उतरते."

"मग शाईच असणार," गवंडी उठून बसत म्हणाला. "हिचा हात पहिल्यापासून जड. काय गं?"



"काळी शाई कुठे कुठे वापरली होती तुम्ही?" बाईंनी तिला विचारलं.

मी प्रकाशाचे रंग बदलून पाहिले होते. तो आवाज शाईचा नव्हता. पण माझं चित्र नीट वाचायला वेळ लागतो, आणि तोवर नवरा तिच्याकडे आशेनं बघत होता. मला तिची फार दया आली.

"नुसती निळी होती," ती म्हणाली. "डोळ्याला मी काहीच लावलं नव्हतं. तो तयारच होता."

गवंडी पुन्हा आडवा झाला.

आता मी खुंटीवर आहे. माझ्याकडे येण्याची वेळ तुमच्यावर न येवो. आपल्या माणसाच्या अंगावरचा तीळ वाढायला लागला, तर हसण्याआधी तो डॉक्टरला दाखवा. काल बाईंनी मला जांघेतून जरा वर सरकवलं. तिथेही आवाज होता.