फकिराचा फोटो

"अहो, दोन नंबरचीच काढली ना?"

"दोनचीच की. हे बघ." ह्यांनी हातातली डिस्क माझ्या नाकापुढे धरली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर अक्षर ह्यांचंच, 'दोन'. तेवढ्यात टीव्हीशेजारची पेटी जी कोकलायला लागली, ती थांबेचना. लॅपटॉपवर लाल पट्टी आली आणि सगळी लग्नं एका दमात नाहीशी झाली.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. आजवरची सगळी लग्नं त्या पेटीत, चार डिस्कवर. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं भरून काढतात. दोन गेल्या की कारभार आटोपला. सकाळी पेटीने सांगितलं, दोन नंबरच्या खणातली गेली. ह्यांनी खण नाही पाहिला, चिठ्ठी पाहिली. आणि चिठ्ठ्यांचा घोळ खंडेनवमीलाच झाला होता. कॅमेऱ्यांना हळदकुंकू वाहिल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आन् त्या पेटीनं काय पाप केलं?" मग चारही डिस्क पाटावर मांडल्या, पुसल्या, पुजल्या आणि हाताला येतील तशा आत बसवल्या. पेटी चालली, म्हणून कुणी पाहिलंच नाही. आज आजारी आत राहिली आणि धडधाकट बाहेर आली.

"काय झालं, इंद्रजीतभाऊ?" दिवाणावरून सारजाबाईंनी विचारलं.

हे डिस्क उलटीपालटी करून बघत होते. मीच म्हटलं, "थोडं अडकलंय, मावशी. निघेल."

त्या देवगाव रंगारीहून पहिल्या एसटीने आल्या होत्या. नवरा फकिरा जाऊन वर्ष होत आलेलं, परवा वर्षश्राद्ध. जन्मभर मेंढरांमागे फिरलेला माणूस, त्याचा फोटो म्हणून एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात नुसता काळोख. पुतणीच्या लग्नाची शूटिंग आमची होती, त्यात त्याचा एखादा फोटो सापडेल म्हणून त्या आल्या. आमच्याकडे लोक लग्न बघायला दोनदा येतात. आधी नवरी बघायला, मग काही वर्षांनी, गेलेलं माणूस शोधायला.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं; टँकर चुकवून चालत नाही. मी ड्रम ओढायला लागले तर सारजाबाई हंडा घेऊन माझ्या पुढे.

"तुम्ही बसा हो, मावशी."

"बसून काय करू? जीव लागंना." पाईप धरून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "ही प्लाटिंग नव्हती तव्हा आमची मेंढरं इथंच बसायची. तुमच्या जिन्यापाशी लिंब व्हता. लई गार सावली." मी दुसरा ड्रम पुढे केला.

आत आलो तेव्हा ह्यांनी ती डिस्क परत बसवली होती आणि लॅपटॉपवरून पेटी कशीबशी उठवली होती. लग्नं दिसत होती, पण यादी एकेक ओळ खाली सरकत होती.

"आता नवी डिस्क घाला ना आजारीच्या जागी," मी म्हटलं.

"नको. ती भरताना बाकीच्यांना रात्रंदिवस राबावं लागेल. त्याही म्हाताऱ्याच. एखादी आणखी बसली तर संपलं. आधी हवं ते बाहेर काढू."

"मग तनूचं बारसं काढा आधी. दुसरीकडे कुठंच नाही ते." माझा आवाज चढला होता. लोकांची लग्नं सांभाळता सांभाळता स्वतःच्या लेकीचं काही उरायचं नाही, ही भीती होती.

ह्यांनी सारजाबाईंकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "तनू आहे अगं आपल्यापुढं. चारला शाळेतून येईल."

राग आला. खोटं कशाला सांगू, लाजही वाटली. मी चहा टाकायला गेले.

कपबशा घेऊन आले तर लग्न लागलं होतं. मांडव, वाजंत्री, पंगत. सारजाबाई पडद्याला नाक लावून बसलेल्या. फकिरा दिसायचा तो पाठमोराच. डोक्यावर पाट्या वाहणारा, पाणी वाढणारा, कुणाच्या तरी खांद्याआड. "त्येच... त्येच हाये... गेले बगा," असं त्यांचं चाललेलं. एकदा चित्र अडकलं, तुकडे तुकडे झालं. मग पुढे सरकलं आणि कॅमेरा थेट फकिरासमोर गेला. त्याने हात आडवा केला. निम्मा चेहरा तळव्यामागे आणि उरलेला हसणारा.

"आमचा काहून काढता भाऊ? पोरीचा काढा, ती उद्या जाईल. आमी हावच की इथं."

सारजाबाई ताडकन उठल्या. डोक्यावर पदर ओढला, दोन्ही कानांमागून नीट घेतला आणि पडद्यासमोरून बाजूला होऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. बसून राहायला नको, आपलं माणूस घरात आलंय, अशा.

ह्यांनी चित्र थांबवलं. "मावशी, हात आडवा आलाय. पुढं बघू का एखादा चांगला?"

"नगं. ह्योच द्या." पदराआडून आवाज आला. "तोंडावरचा हात मातर काढू नका."

मी त्यांच्या हातात चहा दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला.