उतर खुशाल

मित्रांनो, हात जोडून सांगतो, मला नमस्कार करू नका. येणारे-जाणारे ट्रकवाले करतात, तेवढा पुरे. कुणी माझ्या मुठीला लाल फीत बांधून गेलंय. कुणी आपल्या पोरीला कडेवर उचलून मला दाखवतं आणि म्हणतं, "हाच बघ तो. यानंच त्या ड्रायव्हरचा जीव वाचवला." ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी एक जुना लाकडी दांडका आहे, टायरवर हाणायचा. मी कुणाचाही जीव वाचवलेला नाही. काय घडलं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

माझं लाकूड ग्वाझुवीराचं. आमच्याकडे कुऱ्हाडीचे दांडे याच झाडाचे करतात, कारण ते चिवट असतं आणि कितीही आपटलं तरी चिरत नाही. माझा मालक आदेल्मो, त्याचं लग्न झालं त्या वर्षी त्यानं सासऱ्याच्या कुंपणातली एक फांदी मागून घेतली आणि मला तासलं. मुठीशी बारीक, टोकाला जाड. मग घाटमाथ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या कडेला चार पत्रे ठोकून त्यानं टायरचं दुकान मांडलं. एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, पाने, पाण्याची टाकी आणि मी, एवढंच सामान. थंड वाऱ्याला अडवायला पत्र्यामागे पाइनची उंच झाडं होती, ती आजही आहेत.

डिझेल भरून झालं की गाडी आमच्या पत्र्यापुढे यायची. हवा भरणं, पंक्चर काढणं, घासलेला टायर बदलणं, नट आवळणं, ही कामं पैशांची. पण घाट उतरण्याआधी गाडीभोवती एक फेरा मारून प्रत्येक टायरवर मला हाणायचं, हे काम फुकट. ते आदेल्मो न सांगता करायचा. टायर भरलेला असला की मी टण्ण वाजतो आणि हातात उसळी मारतो. हवा उतरलेली असली की नुसता भद्द. जोडचाकातला आतला टायर सगळ्यांत लबाड. बाहेरचा त्याला झाकून उभा असतो. आतल्यानं हवा सोडली तरी गाडी सरळच दिसते, आणि सगळं ओझं एकट्या बाहेरच्यावर येतं. घाटात तो तापतो, फुटतो, कधीकधी पेटतो. म्हणून आदेल्मो खाली वाकायचा, मला आडवा आत घालून आतल्या टायरवर हाणायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. फेरा संपला की मला काखेत मारून म्हणायचा, "उतर खुशाल."

हे दोन शब्द कानी पडल्याशिवाय जुने ड्रायव्हर गाडीला गियर टाकत नसत. आदेल्मोच्या कानाची ख्याती सगळ्या रस्त्यावर झाली होती. "अरे, हा टायर वाजवून सांगेल की माझ्या बायकोला सर्दी झालीय!" असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे खो खो हसायचे. आदेल्मो लाजायचा आणि मला चिंध्यांनी पुसून ठेवायचा. ते दिवस चांगले होते. मीही थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग एकदा हवा भरताना दाबानं एका रिमची लोखंडी कडी स्फोटासारखी उडाली. पत्रा फाडून ती पार झाडांपर्यंत गेली. आदेल्मोला साधं खरचटलंही नाही, म्हणून सगळे त्याच्या नशिबाचं कौतुक करत बसले. पण त्या आवाजानं त्याचा उजवा कान जागीच गेला होता, आणि डावाही पुढं हळूहळू गेला. हे सगळ्यांत आधी मला कळलं. मी भद्द वाजलो की त्याचा हात थबकायचा. तो थबकेनासा झाला.

आदेल्मोनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसा? त्याचं सगळं नाव त्या कानावर उभं होतं. माणसांचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा, आणि टायर तळहातानं ऐकायला शिकला. माझी उसळी कमी आली की ओळखायचा. पण हाताला अर्धंच कळतं. पार बसलेला टायर कळतो, अर्धवट बसलेला फसवतो.

उरलेलं अर्धं झुल्मिरा भागवायची. झुल्मिरा म्हणजे त्याची बायको. ती पंपाच्या खानावळीत स्वयंपाक करायची. गाडी फेऱ्याला लागली की ती बटाट्यांची परात घेऊन दारात यायची. मी भद्द वाजलो की ती जराशी मान हलवायची, आणि आदेल्मो पुन्हा त्याच टायरपाशी वाकायचा. बघणारे म्हणायचे, काय बारकाईनं ऐकतो हा माणूस! मित्रांनो, त्या वेळी मला वाटायचं की आत्ताच्या आत्ता मोडून पडावं. मी खरं तेच बोलत होतो, पण ज्याच्यासाठी बोलत होतो त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. फेरा म्हणजे नाटक झालं होतं, आणि त्या नाटकातलं ठळक सोंग मी होतो.

एकदा पत्र्यामागे दोघांची जुंपली.

"डॉक्टरकडे चल," झुल्मिरा म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ठार बहिरा झालायस तू!"

"अगं हळू बोल, कुणी ऐकेल."

"हळू बोलले तर तुला कसं ऐकू येणार, मेल्या?"

दोघंही हसले. मग झुल्मिरा रडली, आणि आदेल्मो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. डॉक्टरकडे मात्र तो गेला नाही.

आमचा मुलूख पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातला, म्हणून आमच्याकडे जुलैत कडाक्याची थंडी पडते. गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. अशाच एका सकाळी झुल्मिरा चर्चच्या जत्रेसाठी गोड पाव भाजायला गावात गेली होती. दार रिकामं होतं. आदेल्मोनं थंडीपायी जाड हातमोजे चढवले होते. आणि तेवढ्यात जेनेझियोची गाडी आली.

जेनेझियो फळ्या वाहायचा. त्याचं घर घाटाखाली. त्या दिवशी त्याच्या मुलीचा वाढदिवस होता आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचायचं त्यानं कबूल केलं होतं. पहिल्यांदा हा घाट उतरला तो आदेल्मोच्या शब्दावर, आणि नंतरही प्रत्येक वेळी त्याच्याच शब्दावर. मफलर नाकापर्यंत गुंडाळून तो गाडीपाशी पाय आपटत उभा राहिला. बाकीचे ड्रायव्हर शेकोटीभोवती 'माते' नावाच्या गरम कडू चहाचा भोपळा फिरवत एकाच नळीनं पीत होते. भोपळा ओदाइर नावाच्या बडबड्या ड्रायव्हरच्या हातात अडकला होता.

"ओदाइर, माइक नाही तो! पी आणि पुढं दे!" कुणीतरी ओरडलं.

आदेल्मोनं फेरा सुरू केला. टण्ण, टण्ण, टण्ण. मागच्या डाव्या जोडचाकाशी तो वाकला, मला आत घातलं आणि हाणलं.

भद्द.

याहून मोठ्यानं मला बोलता आलं नसतं. माझी उसळी त्या जाड मोज्यात जिरून गेली. आदेल्मो उठला आणि पुढच्या चाकाकडे गेला.

शेकोटीपाशी सगळ्यांच्या माना चाकाकडे वळल्या. ओदाइरनं तोंडातली नळी बाजूला केली. जेनेझियोनं वळून चाकाकडे पाहिलं आणि मफलरच्या आतून विचारलं, "काका, आतला जरा बसका वाजला का हो?"

आदेल्मोला फक्त त्याचे डोळे दिसले. ओठ दिसत नव्हते. ड्रायव्हर या वेळी जे विचारतात तेच हाही विचारत असेल, असं धरून त्यानं अंगठा वर केला.

"उतर खुशाल!"

जेनेझियोनं पुन्हा एकदा चाकाकडे पाहिलं. मग आदेल्मोकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि गाडीत चढून निघून गेला.

"थंडीनं रबर कडक होतं ना, म्हणून तसं वाजलं असणार," ओदाइर म्हणाला. "आपल्याला नाही कळत ते. काकांना कळतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला धडधाकट कान होते, मित्रांनो. प्रत्येकानं माझा आवाज ऐकला होता. आणि आदेल्मो ठीक म्हणतोय म्हणून प्रत्येकानं आपलाच कान खोटा ठरवला. असला प्रकार फक्त आमच्या घाटमाथ्यावरच होऊ शकतो.

थोड्या वेळानं झुल्मिरा टोपलीत गरम पाव घेऊन परतली. ओदाइरनं तिला लांबूनच हाक मारली. "काकू, काय कान आहे हो तुमच्या नवऱ्याचा! आम्हाला सगळ्यांना भद्द ऐकू आलं, आणि हे म्हणतात टायर ठीक आहे!"

झुल्मिराच्या हातातली टोपली तिरकी झाली. "कुणाचा टायर?"

"जेनेझियोचा. गेला की तो. एव्हाना घाटाच्या तोंडाशी पोचला असेल."

"रेडिओ लाव," ती म्हणाली. "ओदाइर, बघत काय बसलायस? रेडिओ लाव!"

ती आदेल्मोला कोपराला धरून ओढतच ओदाइरच्या गाडीपाशी घेऊन गेली. मी अजून त्याच्याच हातात होतो. ट्रकवाले गाडीतून एकमेकांशी बोलतात त्या रेडिओवरून ओदाइरनं जेनेझियोला हाक दिली आणि सांगितलं, थांब, तुझा आतला टायर बसलाय.

पलीकडून हसू आलं. "तुझं ऐकू की आदेल्मोकाकांचं? त्यांनी स्वतः हाणून बघितलाय."

झुल्मिरानं माइक हिसकावून घेतला. "जेनेझियो, मी झुल्मिरा बोलतेय. थांब रे बाबा. यांची चूक झालीय."

"काकू, काकांची चूक?" त्याला ते खरंच वाटेना. "पोरगी वाट बघतेय माझी. काकांनी उतर म्हटलंय. चला, उतार लागला, ठेवतो."

तेव्हा झुल्मिरा वळली. माइक आदेल्मोच्या तोंडापुढे धरून, ओठ मोठे करून म्हणाली, "तो फक्त तुझंच ऐकेल. तू सांग."

आदेल्मोनं तिच्या ओठांवरचं सगळं वाचलं. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेकोटीवरचे सगळे येऊन गाडीला वेढून उभे होते. तेच लोक, ज्यांच्यापुढे त्यानं इतकी वर्षं मान तिरकी करून ऐकण्याचं सोंग केलं होतं. त्याचा चेहरा कानशिलांपर्यंत लाल झाला. त्यानं मला खाली टाकलं, माइक घेतला आणि बटण दाबलं.

"जेनेझियो, आदेल्मो बोलतोय. थांब. मला ऐकू येत नाही." त्याचा आवाज फाटला. "तुझा टायर मी ऐकलाच नाही. कुणाचाच ऐकत नाही मी आता. मी बहिरा आहे, पोरा. ठार बहिरा. लाज वाटते म्हणून बोललो नाही. माझ्या शब्दावर उतरू नकोस. थांब. ऐकतोयस ना? थांब. थांब रे."

तो थांब, थांब म्हणत राहिला आणि बटणावरचा अंगठा काही काढेना. ते बटण दाबलेलं असलं की पलीकडचं बोलणं येत नाही.

"काका, बटण सोडा! त्याला बोलू द्या!" ओदाइर ओरडला. आदेल्मोला काय ऐकू येणार! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून ओठही दिसत नव्हते. शेवटी झुल्मिरानं त्याचा अंगठा दोन्ही हातांनी धरून उचलला.

रेडिओ नुसता खरखरत राहिला. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. मी चिखलात पडलो होतो. खरंच सांगतो, त्या वेळी मला माझा मुळीच विचार नव्हता.

मग आवाज आला. जेनेझियो धापा टाकत होता. "थांबलोय, काका. पहिल्या वळणाच्या अलीकडं. खाली उतरून बघितलं. आतला पार बसलाय. बाहेरच्याला हात लावला तर चटका बसला." मग तो हळूच म्हणाला, "काका, मला ऐकू आलं होतं हो. तिथंच ऐकू आलं होतं. मीच म्हटलं, काकांपेक्षा का मला जास्त कळतंय?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आदेल्मोला फक्त त्या खाली गेलेल्या माना दिसल्या, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणाला तो?" तो ओरडला. "अरे, सांगा ना कुणीतरी! मोठ्यानं सांगा, मला ऐकू येत नाही!"

ओदाइरनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कानाला तोंड लावून सगळा जोर काढून ओरडला, "वाचला, काका! वाचला तो!"

मित्रांनो, आदेल्मोनं आपली लाज चारचौघांत बोलून दाखवली, म्हणून एक बाप त्या दिवशी आपल्या मुलीच्या वाढदिवसाला पोचला, उशिरा का होईना. ऐकू येऊनही गप्प बसलेल्यांनी मात्र आपली लाज अजून कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही तसे वागू नका. गाडीचे टायर सांभाळा, आतलेसुद्धा. भद्द ऐकू आलं तर लगेच सांगा, समोर कितीही मोठं माणूस असलं तरी. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्याजवळ जाऊन मोठ्यानं बोला, म्हणजे त्याला लाजून सोंग करावं लागणार नाही.